राज्यपालांना घड्याळ नको, ठीक, पण मग स्वतःला तरी लावा: सुप्रीम कोर्टाला घणसोलीहून खुलं पत्र

मा. सरन्यायाधीश आणि सर्व न्यायमूर्ती,
सर्वोच्च न्यायालय, टिळक मार्ग, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी ठाण्याला कोर्ट नाक्यावर टायपिंग-झेरॉक्सचं काम करते, अठरा वर्षं झाली. अर्ज, कैफियत, पुरसिस, भाडेकरार, नावात बदलाचं प्रतिज्ञापत्र, जे समोर येईल ते. राहायला नवी मुंबईत घणसोलीला, म्हणजे रोज ट्रान्स हार्बरने ठाणे आणि परत. हात इतके बसलेत की पत्र लिहायला घेतलं तर पहिलंच वाक्य आपोआप टाईप झालं, "अर्जदारातर्फे अर्ज येणेप्रमाणे". खोडलं. हा अर्ज नाही, याला कोर्ट फी लावलेली नाही आणि माझा वकीलही नाही. मुलगा म्हणाला आई उगाच कंटेम्प्ट होईल, म्हटलं मी काय आरोप करत नाहीये, तारखा लिहितेय, तारखा लिहिणं हाच माझा धंदा आहे.

तर मुद्दा. नोव्हेंबर 2025 ला तुम्ही सांगितलं की विधेयकं अडवणाऱ्या राज्यपालांना कोर्टाला मुदतीचं घड्याळ लावता येत नाही. ठीक, पण मग स्वतःच्या आदेशांना तरी लावा, एवढंच मला म्हणायचंय. का, ते सांगते. एप्रिल 2015 ला आम्ही नवी मुंबई महापालिकेला मतदान केलं. मे 2020 ला ती टर्म संपली. त्याच्यानंतरचं मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मध्ये पाच वर्षं आठ महिने. म्हणजे बघा, नगरसेवकाची टर्म असते पाच वर्षांची आणि नगरसेवक नसण्याची टर्म झाली त्याहून मोठी. ठाण्याचं त्यातल्या त्यात बरं, त्यांची टर्म मार्च 2022 ला संपली, पण तेही जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्याच हाताखाली.

पहिलं दीड वर्ष कोरोनाचं, ते सोडून देऊ, तेव्हा सगळंच बंद होतं. नंतरचं काय? नंतरचा बराच काळ आमची फाईल तुमच्याकडे होती.

आता कोणी म्हणेल नगरसेवक नव्हता तर काय अडलं, पाणी येत होतं, कचरा उचलला जात होता. माझं काय अडलं ते सांगते, छोटी गोष्ट आहे. 2023 च्या पावसाळ्यात सासूबाईंच्या आधारवरचा पत्ता बदलायचा होता, त्यांच्या नावावर ना लाईट बिल ना भाडेकरार, अशा माणसासाठी एक सर्टिफिकेटचा फॉर्म असतो, त्यावर खासदार, आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का लागतो. आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर एक ऑफिस आहे, बाहेर बोर्ड "मा. नगरसेवक". गेले. ते म्हणाले, ताई सही करायला माझं काय जातं, पण चालणार नाही, मी आता माननीय नाही, माजी आहे. बोर्ड बदलायची गरजच पडली नाही त्यांना, "मा." दोन्हीकडे चालतं! मग एका ऑफिसात दोन दिवस हाफ डे टाकून, सासूबाईंना रिक्षातून नेऊन बाकावर बसवून, शेवटी एका साहेबांची सही मिळाली. ऑफिस कुठलं ते सोडा, तिथल्या माणसांची चूक नव्हती, त्यांच्यापुढे लाईनच तेवढी होती, कारण पूर्ण शहरात नगरसेवक नावाचा माणूसच शिल्लक नव्हता.

आणि गंमत अशी की याच आधार कार्डाची केस पण तुमच्याचकडे होती. 2012 ला कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी आले होते विचारत, की हे घटनेत बसतं का. उत्तर मिळालं 26 सप्टेंबर 2018 ला. तोपर्यंत शाळेतल्या पोरापासून आमच्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांच्या पाकिटात कार्ड येऊन लॅमिनेशनही झालं होतं, मीच केलंय शेकडोंचं. तेव्हा निकाल "नाही बसत" असा आला असता तरी करणार काय होता?

मी वकील नाही पण कोर्टाच्या दारात बसून माणूस एवढं शिकतोच की केस जिंकायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे निकाल आपल्या बाजूने लागणं. दुसरा म्हणजे निकाल लागायच्या आत ज्याच्यावर भांडण आहे ती गोष्टच उरकून टाकणं. खालच्या कोर्टात भाडेकरू-मालकाच्या केसमध्ये हे रोज चालतं, आम्हाला त्याचं नवल नाही. पण घटनेच्या केसमध्ये पण तेच व्हायला लागलं तर समोरचा पक्षकार म्हणजे सरकार असतं, आणि सरकारला दुसरा मार्ग फार आवडतो. नोटबंदी झाली नोव्हेंबर 2016 ला, प्रश्न पाच न्यायमूर्तींकडे गेला डिसेंबरमध्ये, निकाल आला 2 जानेवारी 2023. 370 च्या याचिका ऑगस्ट 2019 च्या, निकाल 11 डिसेंबर 2023, तोपर्यंत एका राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश होऊन चार वर्षं झालेली. निवडणूक रोख्यांच्या याचिका 2017 च्या, 15 फेब्रुवारी 2024 ला तुम्ही ती योजनाच घटनाबाह्य ठरवली, त्या दिवशी आमच्याकडे वकील मंडळींनी चहा-सामोसे वाटले, मीही खाल्ले. पण मधल्या लोकसभेच्या एका आख्ख्या निवडणुकीत तोच पैसा वापरून झाला होता की.

निकाल कुणाच्या बाजूने लागले यावर मी बोलतच नाहीये, प्रत्येक निकालावर आमच्या ट्रेनच्या डब्यात दोन पार्ट्या असतात. शिवसेनेच्या केसचं तर ठाण्यात नावच काढायचं नाही, माझ्याकडे दोन्हीकडचे कार्यकर्ते झेरॉक्सला येतात आणि एकाच काउंटरवर उभे राहतात. तरी एवढं लिहिते. 11 मे 2023 ला तुमच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला लावलं ते बरोबर नव्हतं, पण मुख्यमंत्र्यांनी स्वतःच राजीनामा दिला म्हणून आता मागे जाता येत नाही, आणि फुटलेल्या आमदारांच्या अपात्रतेचं विधानसभेच्या अध्यक्षांनी वाजवी वेळेत ठरवावं. वाजवी वेळ! अध्यक्षांनी ते ठरवलं 10 जानेवारी 2024 ला. 2020 ला मणिपूरच्या केसमध्ये तुम्हीच म्हणाला होतात की साधारण तीन महिन्यांत व्हायला पाहिजे.

आता आमच्या फाईलकडे. घटनेत 243-यू कलम आहे, 74 व्या दुरुस्तीने आलेलं. त्यात महापालिकेची मुदत पाच वर्षं, "त्याहून जास्त नाही", आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे असं स्वच्छ लिहिलंय. 2006 ला अहमदाबादच्या केसमध्ये तुमच्याच पाच न्यायमूर्तींनी निवडणूक आयोगाला बजावलं होतं की वॉर्डरचना राहिली, मतदार यादी राहिली असली कारणं पुढे करून निवडणूक लांबवायची नाही. इतकं पक्कं असताना आमचं घोडं अडलं कुठे तर ओबीसी आरक्षणात. मार्च 2021 ला तुम्ही सांगितलं की आकडेवारी गोळा केल्याशिवाय आरक्षण नाही, आधी आयोग नेमा, मग प्रमाण ठरवा, आणि एकूण 50 टक्क्यांच्या वर जायचं नाही. बरोबर असेल. मी स्वतः ओबीसी, आगरी, माझं आरक्षण घाईघाईत कच्च्या कागदावर असावं असं मलाही वाटत नाही. मग 4 मे 2022 ला तुम्ही म्हणालात की आता थांबायचं नाही, दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. जुलैमध्ये ओबीसींच्या आकडेवारीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा रिपोर्ट मान्य केलात आणि परत तेच, निवडणुका लावा. आम्ही म्हटलं चला, दिवाळीनंतर मतदान. आणि ऑगस्टमध्ये आलं "स्टेटस को". आमच्या भाषेत जैसे थे. काही आठवड्यांपुरतं.

ते काही आठवडे संपले 6 मे 2025 ला, जेव्हा तुमच्या दोन न्यायमूर्तींच्या बेंचने सांगितलं की बांठियाच्या आधी जे आरक्षण होतं त्यावर निवडणूक घ्या, चार आठवड्यांत अधिसूचना, चार महिन्यांत सगळं पूर्ण. मग सप्टेंबरमध्ये मुदत वाढून 31 जानेवारी 2026.

मला यातली एकच गोष्ट समजत नाही आणि कोर्ट नाक्यावरच्या भल्याभल्या सिनियरना विचारून पण समजली नाही. मे 2025 ला जो आदेश एका दिवसात देता आला, की वाद चालू राहू दे पण निवडणूक घ्या, तो ऑगस्ट 2022 ला का देता आला नाही? मधल्या पावणेतीन वर्षांत कुठला नवीन पुरावा आला, कुठला साक्षीदार तपासला? काहीच नाही, फक्त तारखा पडल्या. मॅटर बोर्डावर यायचं, वेळ संपायचा, पुढची तारीख. मी रोजनामे, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदी, वाचणारी बाई आहे, मला हे दृश्य घरच्यासारखं आहे. पण दिवाणी कोर्टात तारीख पडली की एका घराचं अडतं, इथे राज्यातल्या महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा एका स्टेटस कोने बंद होत्या.

एकट्या तुमच्यावर ढकलणार नाही, ते खोटं होईल. वॉर्ड किती आणि कसे यावर एका सरकारने कायदा बदलला, दुसऱ्याने तो परत फिरवला, त्यावर परत याचिका. आणि खरं सांगायचं तर कुठल्याच सत्तेतल्या पक्षाला प्रशासक नकोसा झाला नव्हता, मंत्रालयातून फोन केला की काम होतं, मध्ये 111 नगरसेवकांची कटकट नाही. पण म्हणूनच तर आम्ही तुमच्याकडे बघतो ना? ज्यांना उशीर सोयीचा आहे त्यांच्या हातून वेळ पाळून घेणारं दुसरं आहे कोण? बाबासाहेबांनी 9 डिसेंबर 1948 ला घटना समितीत सांगितलं की एकच कलम सगळ्यात महत्त्वाचं निवडायचं झालं तर मी हे निवडेन, हा घटनेचा आत्मा आहे, हृदय आहे. ते कलम म्हणजे आजचं 32, थेट तुमच्या दारात यायचा हक्क. दारात आलेल्याला किती वेळ बाहेर बाकावर बसवायचं ते मात्र घटनेत कुठे लिहिलेलं नाही.

आणि तुम्हाला घाई करता येत नाही असंही नाही. चंदीगड आठवा. 30 जानेवारी 2024 ला महापौराची निवडणूक झाली, निवडणूक अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद केल्या, कॅमेऱ्यात तो त्यांच्यावर खुणा करताना दिसला. 20 फेब्रुवारीला तुम्ही त्या मतपत्रिका कोर्टात मागवून स्वतः बघितल्या, आठही मतं धरली आणि 142 कलम वापरून महापौर जाहीर करून टाकला. एकवीस दिवस! आमच्या दुकानात ते लाईव्ह बघताना प्रिंटर अडकला होता तरी कोणी ओरडलं नाही. मला आनंदच झाला, पण घरी जाताना ट्रेनमध्ये मनात आलं की चंदीगडला एका महापौरासाठी तीन आठवडे, आणि आमच्याकडे महापौरच नाही त्याला तेव्हा चौथं वर्ष चालू होतं.

142 हे फार जबरदस्त कलम आहे, "संपूर्ण न्याय" करण्यासाठी वाटेल तो आदेश. जगात इतकी ताकद फार थोड्या कोर्टांकडे असेल. केशवानंद भारतीच्या केसमध्ये, 24 एप्रिल 1973, तेरा न्यायमूर्ती, 68 दिवस सुनावणी, सात विरुद्ध सहा असा काठावरचा निकाल, त्यात तुम्ही म्हणालात की संसदेला घटना बदलता येईल पण तिचा मूळ गाभा मोडता येणार नाही. म्हणजे दोन तृतीयांश बहुमताने केलेली घटनादुरुस्तीही तुम्ही रद्द करू शकता. लंडनच्या सुप्रीम कोर्टाला पार्लमेंटचा साधा कायदा पण रद्द करता येत नाही. एवढ्या ताकदीचं कोर्ट एका नगरपालिकेच्या तारखेत अडकतं ते कशामुळे? कारण तुम्ही नुसतं घटनेचं कोर्ट नाही आहात. 136 कलमाखाली देशातल्या कुठल्याही कोर्टाच्या निकालावर अपिलाची परवानगी मागायला तुमच्याकडे येता येतं, आणि लोक येतात, चेक बाऊन्स घेऊन येतात, घटस्फोट घेऊन येतात, आमच्या ठाण्याचे पण जातात, पैसे असतील तर. 1950 ला तुमची ठरलेली संख्या आठ होती, 2019 ला संख्या 34 केली, पण ते 34 जण बसतात दोन-दोन, तीन-तीनच्या बेंचमध्ये, आणि घटनेच्या मोठ्या प्रश्नाला 145 कलमाप्रमाणे किमान पाच जण एकत्र लागतात. पाच जण एका कोर्टात बसवायचे म्हणजे बाकीची दोन-तीन कोर्टं बंद. म्हणून घटनेचं मॅटर मागे राहतं, चेक बाऊन्स पुढे जातं.

जर्मनीत घटनेचं कोर्ट वेगळंच आहे, कार्लस्रूहे गावात, सोळा न्यायमूर्ती, प्रत्येकाला एकदाच बारा वर्षं, आणि काम फक्त घटनेचं. कोरियात पण वेगळं, नऊ जणांचं, तिथे कायद्यातच 180 दिवस लिहिलेत, ते काही दगडावरची रेघ नाही, बरेचदा उलटून जातात, पण डिसेंबर 2024 ला राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग आला आणि 4 एप्रिल 2025 ला निकाल लागला, 111 दिवसांत. आपल्याकडे विधी आयोगाने 2009 ला सुचवलं होतं की दिल्लीत घटनेचं बेंच ठेवा आणि अपिलं ऐकायला चार ठिकाणी बेंच करा, त्यात मुंबई होतं. 130 कलमाप्रमाणे राष्ट्रपतींच्या संमतीने दिल्लीबाहेर बसता पण येतं. ते का झालं नाही त्यात मी शिरत नाही, मुंबईत बेंच आलं तर माझा धंदा वाढेल म्हणून बोलते असं वाटायचं! मला वेगळं कोर्ट पाहिजेच असंही नाही. लळीत साहेब 74 दिवसच सरन्यायाधीश होते, पण त्यांनी येतानाच म्हटलं होतं की वर्षभर एक तरी घटनापीठ चालू राहील असं बघेन. तेवढं केलं तरी चालेल. फक्त ते सरन्यायाधीशांच्या मर्जीवर नको, नियमात पाहिजे, कारण सरन्यायाधीश बदलले की बोर्ड बदलतो.

आता घड्याळाचं, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. एप्रिल 2025 ला तुमच्या दोन न्यायमूर्तींनी तामिळनाडूच्या केसमध्ये सांगितलं की राज्यपालांनी, राष्ट्रपतींनी विधेयकं किती दिवस ठेवायची त्याला मुदत हवी. 20 नोव्हेंबर 2025 ला पाच न्यायमूर्तींनी मत दिलं की नाही, कोर्टाला अशी मुदत घालता येत नाही, घटनेत नाही ती आपण लिहायची नाही, पण कारण न देता फारच अडवून धरलं तर कोर्ट ठरवायला सांगू शकतं. आता मला त्यातलं सगळं कळतं असा दावा नाही. दुसऱ्याच्या मनगटावर घड्याळ बांधता येत नाही हे मात्र पटलं. पण स्वतःच्या मनगटावर बांधायला कोणाची ना आहे?

यात तुमचा पण एक अनुभव आहे, आणि माझा पण. मार्च 2018 ला तुम्ही सांगितलं की दिवाणी, फौजदारी खटल्यांना वरून दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपेल. काय सांगू, दुसऱ्या आठवड्यापासून दुकानात रांग. "सहा महिने उलटल्याने स्थगिती संपुष्टात आली आहे, सबब खटल्याचे काम पुढे चालवावे", हे वाक्य मी इतक्या वेळा टाईप केलं की शेवटी फाईल सेव्ह करून ठेवली, नाव आणि नंबर बदलायचा फक्त. आठ-आठ, दहा-दहा वर्षं धूळ खाणाऱ्या केसेस उठून बसल्या. मग 29 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायमूर्तींनी ते रद्द केलं, म्हणाले कोर्टाला वेळ मिळाला नाही म्हणून पक्षकाराची स्थगिती आपोआप जाणं हा अन्याय आहे. तेही पटलं, कारण माझ्याकडेच एक आजी आली होती, स्थगिती गेली म्हणून रडत. ती सेव्ह केलेली फाईल मी डिलीट केली.

पण निवडणूक म्हणजे आजींचं घर नाही साहेब. जिथे घटनेतच मुदत लिहिलेली आहे, पाच वर्षं आणि त्याहून जास्त नाही, तिथे तुमच्या अंतरिम आदेशाला मुदत नको का? स्टेटस को द्या, द्यावा लागतो कधीकधी. त्याच आदेशात शेवटची ओळ लिहा की अमुक तारखेपर्यंत आम्ही ठरवलं नाही तर हा आदेश संपेल आणि निवडणूक जुन्या पद्धतीने होईल. नुसतं "काही आठवडे" नको, तारीख. संपल्यावर वाढवायचा असेल तर उघड कोर्टात कारण देऊन वाढवा, म्हणजे त्या दिवशी कोणीतरी फळ्यावर आकडा लिहील की आज या शहराला नगरसेवक नसल्याला इतके दिवस झाले.

घाईत चुका होतात हे मला मान्य आहे, आणि उशिराने लागलेला निकाल चांगला असतो असंही नाही. आणीबाणीत 28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला की अटकेविरुद्ध कोर्टात जाताच येणार नाही. नऊ हायकोर्टांनी त्याआधी उलट सांगितलं होतं, आमचं मुंबई हायकोर्ट त्यात होतं. एकटे न्यायमूर्ती खन्ना साहेब विरोधात, त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. चारांमध्ये यशवंतराव चंद्रचूड होते, आणि तो निकाल चुकीचा होता हे 24 ऑगस्ट 2017 ला ज्यांनी लिहिलं ते त्यांचेच चिरंजीव. बापाचा निकाल मुलाने पुसायला 41 वर्षं. आमच्या घणसोली गावात सासऱ्यांच्या पिढीतली माणसं जमिनीच्या वाढीव मोबदल्याच्या तारखांना भाकरी बांधून ठाण्याला यायची, बाप तारीख घ्यायचा आणि मुलगा चेक घ्यायचा, त्यामुळे ही गोष्ट सांगितली तर गावात कोणाला आश्चर्य वाटत नाही, "वरती पण असंच का" एवढंच विचारतात.

15 जानेवारीला सासूबाईंना घेऊन मतदानाला गेले. या वेळी पॅनल पद्धत, चार मतं द्यायची. 2015 ला एकच होतं, मधल्या काळात सवय मोडलेली. त्यांनी एक बटण दाबलं आणि निघाल्या, आतल्या बाईंनी परत बोलावलं, आजी अजून तीन राहिलीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, एवढ्या वर्षांचं एकदमच घेतलं वाटतं.

ही टर्म 2031 च्या सुरुवातीला संपेल. 2030 मध्ये कोणीतरी वॉर्डरचनेवर नाहीतर आरक्षणावर याचिका घेऊन तुमच्याकडे येईलच, ते आम्ही इथे आत्ताच धरून चाललोय. ती कुठल्या तारखेच्या आत ऐकून संपवायची तेवढं आजच नियमात लिहून ठेवा.

आपली विश्वासू,
घणसोलीची एक मतदार
(दुकान कोर्ट नाका, ठाणे. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन.)